फोटो आम्ही काढला, पण तो आमचा नाही

मागच्या सीझनला कणकवलीजवळच्या एका हॉलवर पंगती चालू असताना मी मागच्या बाजूला हात धुवायला गेले. उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी तीन पोरं एक लांबलचक चकचकीत पट्टी उलगडून उन्हात धरत होती आणि खिदळत होती. जवळ जाऊन बघितलं तर ती आमच्याच प्रिंटरची रिबन. तासाभरापूर्वी रोल बदलला तेव्हा आमच्या पोराने जुनी गुंडाळी कचऱ्यात टाकली होती. पट्टीवर एक चौकट पिवळी, पुढची गुलाबी, त्याच्या पुढची निळी. प्रत्येक चौकटीत चेहरे होते. निगेटिव्हसारखे उलट्या उजेडाचे, पण कोण आहे ते सहज कळावं इतके स्पष्ट. नवरीची करवली, तिच्या कडेवरचं मूल, काठी टेकत आलेले एक आजोबा. सकाळपासून आमच्यापुढे हसून गेलेले सगळे त्या कचऱ्यात पडले होते.

मी ती पट्टी पोरांकडून मागून घेतली आणि गाडीत ठेवली. लग्नात पाहुण्यांचे फोटो काढून जागेवरच प्रिंट देणाऱ्या फोटो बूथच्या कामात मी चार सीझन काढले होते, तरी वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटो शाबूत राहतो ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती. लग्नात आपण वापरतो तो प्रिंटर शाईचा नसतो. रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरतो. आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, आणि शेवटी वरून पारदर्शक थर, म्हणून फोटोला पाणी लागलं तरी तो फिसकटत नाही. रिबनवरून जेवढा रंग कागदावर गेला तेवढी जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेचाच चेहरा बनतो. आमच्या एका रोलमध्ये सातशे फोटो निघतात. म्हणजे सातशे चेहऱ्यांची गुंडाळी आम्ही कार्यालयाच्या मागे टाकून निघून जात होतो.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. बूथसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा त्या माणसाचा आहे. त्याला सरळ, त्याला कळेल अशा भाषेत विचारल्याशिवाय बूथवाल्या कंपनीने तो रीलमध्ये, जाहिरातीत किंवा उघड्या लिंकवर टाकता कामा नये. आणि लग्न आटोपल्यावर ठरलेल्या मुदतीत आपल्याकडची प्रत्येक प्रत पुसून टाकली पाहिजे. मी स्वतः याच धंद्यावर जगते, म्हणून हे बाहेरून केलेली टीका म्हणून वाचू नये.

ज्यांनी हे काम जवळून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचा सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि मृगाचा पाऊस लागेपर्यंत चालतो. मधे पौष आणि शिमग्याचे दिवस थंड जातात, आणि मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की एका दिवसात दोन-दोन लग्नं असतात. सकाळी सहाला गाडी भरायची. कॅमेरा, लाइट, छत्री, टचस्क्रीन, प्रिंटर, इन्व्हर्टर, मागचा पडदा आणि त्याचे पाइप, प्रॉप्सची पेटी. मुहूर्ताच्या आधी दीड तास मांडामांड. वेंगुर्ल्याला किंवा तारकर्लीला किनाऱ्यावरचं लग्न असलं तर पडद्याच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधाव्या लागतात, आणि खाऱ्या वाऱ्याने स्टँडचे स्क्रू दोन सीझनमध्ये गंजतात. मार्चनंतर हवा इतकी दमट होते की कागदाचा रोल उघडा ठेवला तर फोटोवर ढगासारखे डाग येतात. जनरेटरवर व्होल्टेज हललं की प्रिंटर मधेच थांबतो आणि रांगेतली माणसं आमच्याकडे बघायला लागतात. हे सगळं मला आवडतं, कारण या कामात माणसं ज्या चेहऱ्याने समोर येतात तो चेहरा इतरत्र बघायला मिळत नाही.

लग्नाच्या मुख्य फोटोग्राफरसमोर माणसं सावरून उभी राहतात. पदर नीट, हात सरळ, नजर समोर. बूथवर तसं होत नाही. पुठ्ठ्याची मिशी लावून सासरेबुवा नातवंडांत बसतात. आयुष्यभर एकमेकींशी धड न बोललेल्या दोन जावा एकाच चष्म्यासाठी भांडतात आणि त्याच हसण्यात फोटो निघतो. माणूस इथे मोकळा होतो, कारण त्याला वाटतं की हे आपल्यापुरतं आहे: फोटो काढायचा, प्रिंट हातात घ्यायची, घरी नेऊन कपाटाच्या आतल्या दारावर चिकटवायची. या समजुतीवर आमचा धंदा उभा आहे, आणि ती समजूत आम्ही दर लग्नात मोडतो.

एक प्रसंग सांगते. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका वाडीतलं लग्न, फेब्रुवारीचा शेवट, सुरंगी फुललेली. मांडवभर तो वास होता. नवरीची मावशी, पन्नाशीच्या पुढची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळा वेळ ती स्वयंपाकघर आणि मांडव यांच्या मधल्या दारात उभी होती, ओवाळणीच्या वेळी तर आणखी मागे. दुपारी गर्दी पांगल्यावर तिच्या तीन भाच्यांनी तिला ओढत बूथवर आणलं. ती म्हणत होती, "माका नको गो बायांनो, माझो कसलो आता फोटो." सगळ्यांत धाकटीने स्वतःच्या केसांतला सुरंगीचा वळेसर काढला आणि मावशीच्या अंबाड्यावर बांधला. मावशीचा हात लगेच वर गेला, काढून टाकायला. तो फुलांवर टेकला आणि तिथेच थांबला. तिने एकदा मागे वळून पाहिलं, दारात कोणी नव्हतं. मग ती हसली. मी तीन फ्रेम घेतल्या.

प्रिंट येईपर्यंत ती प्रिंटरसमोरून हलली नाही. हातात आल्यावर तिने ती उभी धरून बराच वेळ पाहिली, मग रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, वळेसर सोडून भाचीला परत दिला आणि मला विचारलं, "ह्यो माकाच गावलो मा? कोणाक दाखवतलंस नाय मा?"

मी म्हटलं, "नाही मावशी, तुमचाच आहे."

त्या रात्री कंपनीच्या ग्रुपवर सगळ्या फ्रेम गेल्या, नेहमीप्रमाणे. मालकाने त्यातून निवडल्या, खाली गाणं लावलं, आणि तिसऱ्या दिवशी मावशीचा वर गेलेला हात, मागे वळून पाहणं आणि ते हसणं कंपनीच्या पानावर फिरत होतं. हात आणि वळून पाहणं माझ्या जोडीदाराने बाजूने फोनवर टिपलं होतं, 'पडद्यामागचं' म्हणून. खाली लोकांनी डोळे भरून आल्याची चित्रं टाकली होती. त्या रीलला आमच्या नेहमीच्या रीलपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिलं. आठवड्याने नवरीच्या आईचा मला फोन आला. मावशीच्या दिराच्या मुलांनी मुंबईत ते पाहिलं होतं आणि घरात नको ते बोलणं झालं होतं. रील काढून टाका, म्हणाल्या. मालकाने काढलंही, पण तोवर ते कुणी कुणी उतरवून घेतलं होतं आणि स्टेटसवरून स्टेटसवर गेलं होतं. शेवटी त्यांनी फोन मावशीकडे दिला. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "तू नाय म्हणालेलंस."

विधवा बाईने फुलं माळावीत का, हा प्रश्न माझ्या दृष्टीने कधीच निकालात निघालेला आहे. माळावीत, रोज माळावीत. पण कधी, कोणासमोर आणि किती उघडपणे, हे त्या बाईने ठरवायचं. तिला ज्या घरात राहायचं आहे तिथलं वारं तिला ठाऊक आहे. आम्ही तिच्या वतीने धीटपणा दाखवला आणि त्याची किंमत तिने भरली. रीलखाली कौतुक करणाऱ्यांपैकी एकही जण त्या घरात तिच्या बाजूने बोलायला जाणार नव्हता.

यात मुलींचा भाग वेगळा आहे, आणि तो मोठा आहे. हल्ली गोल फिरणाऱ्या बूथला मागणी जास्त. मधे चौथरा, भोवती फिरणारा दांडा, दांड्यावर फोन, आणि संथ गतीचा व्हिडिओ. हळदीच्या रात्री मुली त्यावर नाचतात, आपल्या माणसांत आहोत म्हणून नाचतात. तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गावाच्या नाक्यावर कोणाच्या तरी फोनमध्ये असतो. आमच्या पानावरच्या रीलखाली एका मुलीबद्दल लिहिलेली वाक्यं मी वाचली आहेत. ती इथे लिहिणार नाही. त्या मुलीचं वय १६ होतं.

इथे बूथचा जुना इतिहास आठवतो. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ॲनातोल जोसेफो या सायबेरियातून आलेल्या माणसाने फोटोमॅटन नावाची पेटी सुरू केली. २५ सेंट टाकायचे आणि काही मिनिटांत आठ फोटोंची पट्टी घ्यायची. पहिल्या सहा महिन्यांत तिथे दोन लाख ऐंशी हजार माणसांनी फोटो काढून घेतले असं नोंदलेलं आहे. पुढे जगभर पसरलेल्या या पेट्यांना पडदा असायचा. आत फोटोग्राफर नाही, बघणारं कोणी नाही, म्हणून माणसं आत काहीही तोंडं करायची. त्याहून महत्त्वाची गोष्ट रसायनात होती. त्या पेटीत फोटो थेट कागदावर उमटायचा, मागे निगेटिव्ह राहायचंच नाही. पट्टी बाहेर आली की जगात त्या क्षणाची ती एकच प्रत, आणि ती बसलेल्याच्या हातात.

आता आमच्याकडचा एक फोटो किती ठिकाणी राहतो ते मी एकदा बसून मोजलं. कॅमेऱ्याचं कार्ड, लॅपटॉप, प्रिंटरची रिबन, यजमानांना पाठवायची ऑनलाइन गॅलरी, कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाचा फोन, कंपनीचं इन्स्टाग्राम. पाहुण्याला वाटतं आपण एक प्रिंट नेली. गॅलरीच्या लिंकला बहुतेक वेळा पासवर्ड नसतो. हॉलच्या दारात क्यूआर कोड लावतात, तो स्कॅन करून सेल्फी टाकला की मशीन गर्दीतून तुमचा चेहरा ओळखून फोटो काढून देतं. सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. पण त्यासाठी त्या मशीनने मांडवातल्या प्रत्येक चेहऱ्याची ओळख आधीच नोंदवलेली असते, ज्याने सेल्फी टाकलाच नाही त्याचीही. आणि त्या कोडचा फोटो काढून कोणी कुठेही पाठवू शकतो.

आमच्याकडच्या जुन्या घरांची रचना आठवा. पुढे सारवलेलं खळं, मग पडवी, मग माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर. कोणी कुठपर्यंत यायचं हे न सांगता माहीत असायचं. पोस्टमन खळ्यात, शेजारी पडवीत, सोयरा माजघरात. त्या रचनेत जातीचा विटाळही गुंतलेला होता, तो गेला पाहिजे आणि बऱ्याच ठिकाणी गेला. पण घरातल्या माणसाला आत एक जागा हवी, जिथे तो कोणी बघत नाही म्हणून निवांत असतो, ही गरज त्यामुळे खोटी ठरत नाही. बूथ ही लग्नाच्या गर्दीतली तशी जागा आहे. पाहुणा आम्हाला माजघरात घेतो, आणि आम्ही माजघरात काढलेला फोटो हमरस्त्यावर लावतो.

आमच्या बाजूने जे बोललं जातं ते मला तोंडपाठ आहे. पहिलं, लोक स्वतःच सगळं टाकतात, मग आम्ही टाकलं तर काय बिघडलं? माझ्या शेतातला आंबा मी वाटला म्हणून शेजाऱ्याने कुंपण ओलांडून तोडावा असं होत नाही. ज्याने टाकलं त्याने निवडून टाकलं. नको ती फ्रेम वगळली, कोणाला दिसेल ते ठरवलं. आम्ही ती निवड त्याच्याकडून काढून घेतो.

दुसरं म्हणणं जास्त गंभीर आहे आणि मी ते हलक्यात घेत नाही. प्रिंटर-कॅमेऱ्याचे हप्ते चालू आहेत, सीझन सहा-सात महिन्यांचा, पावसाळ्यात उत्पन्न शून्य. कुडाळ-सावंतवाडीच्या बूथवाल्याला गोव्याच्या आणि कोल्हापूरच्या मोठ्या कंपन्यांशी टक्कर द्यायची आहे, आणि त्याच्याकडे जाहिरातीचं एकच साधन आहे, रील. ते काढून घेतलं तर तो बसेल. मी ज्या मालकाकडे होते तो वाईट माणूस नव्हता. मावशीचं कळल्यावर त्याचाही चेहरा उतरला होता. पण या म्हणण्यातली चूक अशी, की रील आणि परवानगी यांतलं एकच मिळेल असं धरून चाललं जातं. मागचा सीझन मी दुसऱ्या बूथवर होते आणि तिथे आम्ही प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. प्रिंट बाहेर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढा वेळ माणूस प्रिंटरकडे टक लावून उभा असतो, त्याला दुसरं काही करायचं नसतं. तेवढ्यात विचारून होतं. "तुमचा फोटो आमच्या जाहिरातीत वापरला तर चालेल का? नाही म्हणालात तरी प्रिंट मिळेलच." कॉलेजची मुलं बहुतेक वेळा हो म्हणतात, वर आपल्याला टॅग करा असंही सांगतात. कितीतरी नवरा-नवरी स्वतःहून रील मागतात. आमच्याकडे जाहिरातीला फोटो कमी पडले नाहीत. ज्या बायका नाही म्हणाल्या, त्या म्हणताना आधी थोडं बिचकल्या आणि मग त्यांचा आवाज मोकळा झाला. एकीने तर नाही म्हटल्यावर पुन्हा रांगेत येऊन आणखी एक फोटो काढून घेतला.

तिसरं म्हणणं असतं यजमानांचं: पैसे आम्ही दिले, आम्हीच परवानगी देतो. कायद्याच्या अर्ध्या भागात ते बरोबर आहेत, आणि ही गोष्ट बूथवाल्यांनाच माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, जोपर्यंत वेगळा करार झालेला नाही. म्हणजे कॅमेरा आमचा, बोट आमचं, तरी फोटो आमचा नाही. कंपन्यांच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क राखून' असं छापलेलं असतं ते यासाठीच. पावतीची मागची बाजू कोण वाचतं?

पण यजमानांचा हक्क कागदावरच्या चित्रावर आहे, पाहुण्याच्या चेहऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीबद्दलच्या मुख्य अटी लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, त्या आमच्या दारात येतील. घरच्या माणसाने घरगुती कारणासाठी फोटो ठेवला तर हा कायदा त्याला लागू नाही. धंदा म्हणून चेहरे आणि फोन नंबर गोळा करणाऱ्या कंपनीला ती सूट नाही. संमती स्पष्ट हवी, कशासाठी ते सांगून घेतलेली हवी, आणि दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. १८ वर्षांखालच्या मुलासाठी आईबापांची परवानगी हवी. आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायला मिळण्याची सोय हवी, म्हणजे मराठीतही. आज आमच्या टचस्क्रीनवर 'आय ॲग्री' असं इंग्रजीत येतं आणि ते बटण पाहुण्याच्या वतीने आम्हीच दाबतो, रांग पुढे सरकावी म्हणून. मी ते शेकडो वेळा दाबलं आहे.

कायद्याने सगळं होईल असं मी मानत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणापासून तासभर आत असलेल्या वाडीतली बाई तक्रार करायला कुठे जाणार? म्हणूनच बूथवर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट यात यायला हवी. मी मावशीला शब्द दिला होता आणि मला तो पाळता आला नाही, कारण फ्रेम ग्रुपवर टाकणं हे माझं ठरलेलं काम होतं. मला एका लग्नाचे ९०० रुपये मिळायचे, कागद-पत्र काही नाही, पुढच्या लग्नाला बोलावतील की नाही ते मालकाच्या फोनवर. पहाटे सहापासून रात्री बारापर्यंत थांबलं तरी ९००च. २०१७ चा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा कामाचे तास आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला ठरवून देतो, पण वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांना त्यातल्या बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत, आणि बूथवाल्यांकडे माणसं असतात तीन, फार तर पाच. अशा स्थितीत ऑपरेटर 'हा फोटो मी पाठवणार नाही' असं कसं म्हणणार? वर रील काढायला फोन आमचाच, नेट आमचंच. म्हणून लोकांच्या आयाबहिणींचे फोटो आमच्या घरच्या फोनमध्ये, मुलांच्या अभ्यासाच्या व्हिडिओंशेजारी पडून असतात. कंपनीने कामाला स्वतःचा फोन द्यावा, आणि पाहुण्याला दिलेला नकार पाळल्याबद्दल कोणाचं काम जाणार नाही हे लिहून द्यावं. ऑपरेटरला नाही म्हणता आलं नाही तर पाहुण्याच्या नाहीला काही अर्थ राहत नाही.

करायचं काय, ते अवघड नाही. आमच्या आताच्या बूथवर प्रिंटरच्या वर एक कार्ड चिकटवलेलं आहे, मोठ्या मराठी अक्षरांत: 'हा फोटो तुमचा आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय आम्ही तो कुठेही दाखवणार नाही. १५ दिवसांनी आमच्याकडून तो पुसला जाईल.' स्क्रीनवर दोन बटणं, 'फक्त मला' आणि 'जाहिरातीलाही चालेल', दोन्ही सारख्याच आकाराची. पाहुणा स्वतः दाबतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवतो. 'फक्त मला' म्हटलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि त्या फोल्डरची लिंक बनतच नाही. लहान मुलांचे फोटो हो म्हटलं तरी जाहिरातीत घेत नाही. ऑनलाइन गॅलरीला पासवर्ड असतो, तो फक्त यजमानांकडे. सोळाव्या दिवशी कार्ड, लॅपटॉप आणि गॅलरी रिकामी होते आणि यजमानांना तसा मेसेज जातो. रिबन मी घरी आणते. जाळायची नाही, प्लास्टिकचा धूर वाईट. तिन्ही रंगांच्या पट्ट्या कात्रीने बोटाएवढ्या कापायच्या. सातशे फोटोंच्या गुंडाळीला माझ्या आईला आणि मला मिळून एक संध्याकाळ लागते.

मंगल कार्यालयांनी यात हात लावला तर काम झपाट्याने पुढे जाईल. डीजेला रात्री दहानंतर बंद करायला लावणारे नियम २००० सालापासून आहेत, आणि आज कार्यालयवाले स्वतःच बुकिंगच्या कागदात ती अट घालतात, कारण नंतरचा त्रास त्यांना होतो. तशीच एक ओळ बूथ, ड्रोन आणि व्हिडिओवाल्यांसाठी घाला: पाहुण्यांच्या संमतीशिवाय प्रसिद्धी नाही. ग्रामपंचायतींची समाजमंदिरं लग्नाला भाड्याने जातात, त्यांच्या पावतीवरही ही ओळ बसेल.

आणि ज्यांच्या घरी या तुळशीनंतर कार्य आहे त्यांना माझी विनंती आहे. बूथ ठरवताना तुम्ही किती प्रिंट, किती तास आणि नवरा-नवरीच्या नावाचं डिझाइन कसं, हे विचारताच. त्याच फोनवर आणखी चार गोष्टी विचारा. पाहुण्यांना परवानगी कशी विचारता? फोटो कोणाच्या फोनमध्ये जातात? किती दिवसांनी पुसता? वापरलेल्या रिबनचं काय करता? शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस गप्प झाला तर त्याला सांगा की लग्नाच्या दिवशी रिबन आमच्याकडे ठेवून जा. हे सगळं ॲडव्हान्स पाठवण्याच्या आधी बोला. नंतर कोणी ऐकत नाही.